उडावे, धावावे की उडी मारावी?

समजा तुम्हाला कोणी सांगितले की उद्यापासून तुम्ही महाबली होणार आहात, पण प्रवासासाठी चारांपैकी एकच शक्ती मिळेल. आकाशात उडणे, वाऱ्याच्या वेगाने धावणे, एका उडीत शंभर मीटर ओलांडणे, आणि इथे अदृश्य होऊन तिथे प्रकट होणे. तुम्ही कोणती घ्याल? माझ्या वर्गात हा प्रश्न टाकला की निम्म्याहून अधिक हात उड्डाणासाठी वर जातात. "का?" असे विचारले की मात्र हात खाली येतात.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. २८ एप्रिल २००४ रोजी अमेरिकेत ‘सिटी ऑफ हिरोज’ नावाचा एक खेळ सुरू झाला. इंटरनेटवरून हजारो माणसांनी एकाच वेळी खेळायचा, आणि प्रत्येकाने आपला महाबली आपणच घडवायचा. आधी त्याची जात ठरवायची: दुरून मारा करणारा ‘ब्लास्टर’, मार अंगावर घेणारा भक्कम ‘टँकर’, साथीदारांना जपणारा ‘डिफेंडर’ वगैरे. मग जसजशी पातळी वाढेल तसतशी एकेक शक्ती निवडत जायची. शक्तींची ही जी एकूण जुळणी होते, तिला खेळाडू ‘बिल्ड’ म्हणतात. आपण त्याला ‘बांधा’ म्हणू या. सुरुवातीच्या नियमांनुसार प्रवासाची खरी शक्ती चौदाव्या पातळीवर मिळे; तोवर बिचारा महाबली तुमच्या-आमच्यासारखा पायीच फिरे. तो खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद पडला. चाहत्यांनी तो आपल्या संगणकांवर जिवंत ठेवला आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘होमकमिंग’ या त्यांच्या गटाला मूळ कंपनीने रीतसर परवानाही दिला.

खेळ रचणाऱ्यांनी एक गोष्ट मोठ्या हुशारीने केली होती. कोणतीही शक्ती सर्वगुणसंपन्न ठेवली नाही. धावणारा सर्वांत वेगवान, पण जमिनीला बांधलेला. समोर भिंत आली की वळसा घालावा लागे. उडणारा कुठेही जाई, पण सावकाश. उडी मारणारा या दोघांच्या मध्ये. प्रकट होणाऱ्याची दमशक्ती भराभर संपे. खेळातले हे नियम माणसांनी ठरवलेले आहेत. आपण असे करू की ते नियम बाजूला ठेवू आणि चारही शक्ती भौतिकशास्त्राच्या हवाली करू. बघू या, काय उरते.

महाबली म्हणून ५० किलो वजनाचा नववीतला विद्यार्थी घेऊ. त्याचे वजन, म्हणजे पृथ्वी त्याला ज्या बलाने ओढते ते, ५० × ९.८ = ४९० न्यूटन. हा आकडा लक्षात ठेवा. तो पुन्हा पुन्हा लागणार आहे.

आधी धावण्याची शक्ती घेऊ. २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने शंभर मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. हा सरासरी वेग ताशी साडेसदतीस किलोमीटरच्या आसपास येतो. आपल्या महाबलीला ताशी १५० किलोमीटरने धावायचे आहे. तुम्ही म्हणाल, पायांत ताकद अमर्याद आहे असे धरले की झाले! तर धरा. ताकदीची चिंताच सोडा. आता अडवायला कोण उरले? हवा.

सायकलवरून समोरच्या वाऱ्यात जाताना हवेचा विरोध तुम्ही अनुभवलेला आहे. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उभ्याने धावणाऱ्या मुलासाठी तो साधारण ०.३ × वेगाचा वर्ग इतका येतो. वेग मीटर प्रति सेकंदात आणि बल न्यूटनमध्ये. ताशी ३६ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाला, विरोध ३० न्यूटन. किरकोळ! पण ताशी १५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४१.७ मीटर. त्याचा वर्ग १७३९, आणि विरोध ५२० न्यूटनच्या पुढे. मुलाच्या वजनाहूनही जास्त!

खरी गंमत यापुढे आहे. या विरोधाला तोंड देण्यासाठी मुलगा पुढे ढकलला जातो तो कशामुळे? पाय जमिनीला मागे रेटतात आणि घर्षणामुळे जमीन त्याला पुढे रेटते. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी तळव्याचा घर्षणांक ०.८ धरू. म्हणजे रस्ता त्याला सरासरी जास्तीत जास्त ०.८ × ४९० = ३९२ न्यूटन बलाने पुढे ढकलू शकतो. हवा मात्र ५२० न्यूटनने मागे रेटते आहे. मुलाच्या मांडीत हत्तीचे बळ असले तरी उपयोग नाही, पाय घसरतील. दोन्ही बले कोणत्या वेगाला समान होतात ते काढा. ०.३ × वर्ग = ३९२; वर्ग १३०७; वेग सेकंदाला ३६ मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटर. आपल्या महाबलीची ही कमाल मर्यादा, आणि ती ठरवली त्याच्या चपलेने!

इथे ‘बांधा’ कामाला येतो. वजन दुप्पट करा. शंभर किलोच्या ‘टँकर’चे घर्षण दुप्पट होते, पण हवा अडवणारी त्याची छाती काही दुप्पट रुंद होत नाही. ती दीडपटीच्या आत धरली तरी मर्यादा ताशी दीडशेच्या वर जाते. म्हणजे जड गडी संथ असतो हा आपला समज निदान इथे तरी उलटा ठरतो. शर्यतीच्या मोटारीला मागे उलटा पंख बसवलेला असतो तो याचसाठी. तो मोटारीला खाली दाबतो, वजन न वाढवता चाकांखालचे घर्षण वाढवतो.

आणि वळण? ताशी १३० किलोमीटरने वळायचे तर तेच घर्षण लागते. सगळे घर्षण वळण्यासाठीच वापरले तरी वर्तुळाची त्रिज्या वेगाचा वर्ग भागिले ०.८ × ९.८, म्हणजे सुमारे १६७ मीटर येते. आमच्या कारंज्यात दिल्ली वेशीकडून बाजारात शिरणाऱ्या गल्लीत असे वळण घ्यायचे म्हटले तर किती घरांच्या भिंती पाडाव्या लागतील याचा विचार करा.

आता उडी. शंभर मीटर लांब उडी मारायची तर ४५ अंशांत झेप घेणे सर्वांत किफायतशीर. तेव्हा सुरुवातीच्या वेगाचा वर्ग = ९.८ × १०० = ९८०. वेग सेकंदाला ३१.३ मीटर, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर. उडी २५ मीटर उंच जाईल आणि साडेचार सेकंद टिकेल. आडवा वेग निघतो सेकंदाला २२ मीटर, ताशी ८० किलोमीटर. हा आकडाही लक्षात असू द्या, पुढे तो एका अनपेक्षित ठिकाणी भेटेल.

पण झेप घेताना काय होते? मुलगा गुडघे वाकवून बसतो आणि ताठ होतो. या क्रियेत त्याचे शरीर फार तर अर्धा मीटर सरकते. तेवढ्याच अर्ध्या मीटरमध्ये शून्यापासून ११३ किलोमीटरचा वेग गाठायचा आहे. गतिज ऊर्जा ½ × ५० × ९८० = २४,५०० ज्यूल; ती अर्ध्या मीटरमध्ये द्यायची तर बल ४९,००० न्यूटन, वजनाच्या शंभर पट. पायांवर पाच टनांचा भार. आणि उतरताना तेवढाच परत.

शंभर पट त्वरण ऐकून दचकू नका. पिसवी ते रोज सहन करते. तिच्या अंगात रेझिलिन नावाचे रबरासारखे प्रथिन असते. ते ती आधी दाबून ठेवते आणि गलोलीसारखे एकदम सोडते. तिला ते जमते, कारण ती इवलीशी आहे. लांबी दहा पट केली तर हाडाचा छेद शंभर पट होतो, पण वजन हजार पट होते. मोठ्या प्राण्याची हाडे त्याच्या वजनाच्या मानाने नेहमीच कमी पडतात. पिसवी माणसाएवढी झाली तर इमारत ओलांडेल, असे अजूनही कुठे कुठे छापलेले दिसते. तसे काही होणार नाही. तिचे पाय मोडतील.

उड्डाणाला लागणारे बल मात्र माफक आहे. हवेत राहायचे तर ४९० न्यूटनने वर उचलले गेले पाहिजे, आणि त्यासाठी हवा खाली फेकली पाहिजे. दर सेकंदाला किती किलो हवा, किती वेगाने? गुणाकार ४९० आला म्हणजे झाले. साडेसतरा किलो हवा सेकंदाला २८ मीटर वेगाने फेका, किंवा पस्तीस किलो हवा १४ मीटर वेगाने फेका, उचल तीच. पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने पहिल्या रीतीला दर सेकंदाला सुमारे ६,९०० ज्यूल लागतात आणि दुसरीला ३,४००. जास्त हवा, कमी वेगाने: घार, गिधाड यांचे पंख एवढे रुंद का असतात ते यावरून कळेल. अंगरखा फडकवत, पंखांशिवाय उडणारा चित्रातला महाबली कोणती हवा खाली फेकतो हे मला आजवर समजलेले नाही.

३,४०० वॅट म्हणजे साडेचार अश्वशक्ती. धडधाकट माणूस तासभर सलग दोनशे वॅटही मोठ्या कष्टाने देतो. म्हणूनच उडणारे प्राणी हलके असतात. आपल्या माळरानांवरचा, आता नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेला माळढोक हा उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. त्याच्या नराचे वजनही सुमारे पंधरा किलोच. धावणाऱ्याला वजन हवे, उडणाऱ्याला ते नको. एकाच शरीराला दोन्ही कसे मिळणार?

चौथी शक्ती, टेलिपोर्टेशन, निसर्गात कोणत्याच प्राण्याकडे नाही. प्रयोगशाळेत त्या नावाचा एक प्रयोग होतो. १९९७ साली इन्सब्रुक येथे अँटन झायलिंगर यांच्या गटाने तो प्रकाशकणांवर करून दाखवला. चिनी शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ‘मिशियस’ उपग्रहाच्या साह्याने तो १४०० किलोमीटरपर्यंत नेला. पण तिथे कण जात नाही, त्याची अवस्था तेवढी दुसऱ्या कणावर उमटते; शिवाय एक साधा संदेशही पाठवावा लागतो, म्हणून प्रकाशाहून वेगवान असे त्यात काही नाही. तरी समजा, महाबलीला जमले. कारंज्याच्या दिल्ली वेशीत अदृश्य होऊन तो थेट दिल्लीत प्रकट झाला. नकाशा पाहा, दिल्ली आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. पृथ्वी फिरते आहे. विषुववृत्तावरचा माणूस सेकंदाला ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. कारंजा साडेवीस अंश अक्षांशावर, तिथे हा वेग ४३६ मीटर. दिल्लीत तो ४०८. आपला वेग सोबत घेऊन गेलेला महाबली प्रकट होताक्षणी दिल्लीच्या जमिनीच्या मानाने सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी ९८ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फेकला जाईल. पूर्वेला भिंत नसावी एवढीच प्रार्थना!

आता खर्चाचा ताळा. कारंज्याहून मूर्तिजापूर हिशेबाला तीस किलोमीटर धरू. स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामी लावतात. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे चौदा लाख ज्यूल असतात. तर महाबलीला किती भाकरी लागतील?

ताशी १०० किलोमीटरने धावला तर हवेचा विरोध २३१ न्यूटन. तीस हजार मीटरचे कार्य सुमारे ६९ लाख ज्यूल. चौपट केले की वीस भाकरी. शंभर मीटरच्या उड्या मारत गेला तर तीनशे उड्या, ७३ लाख ज्यूल, एकवीस भाकरी. उतरताना पायांतली ऊर्जा वाया जाते असे इथे धरले आहे. कांगारू आपल्या पायांतल्या लवचीक दोरखंडांत तिचा काही भाग साठवून पुढच्या उडीला वापरते. ताशी ६० किलोमीटरने उडत गेला तर अर्धा तास, ३,४०० वॅट, अठरा भाकरी. (उडताना पुढे सरकल्यावर उचलण्याचा खर्च थोडा घटतो आणि हवेचा विरोध वाढतो, ते एकमेकांत गेले असे धरू.)

तिन्ही उत्तरे वीसच्या आसपास! हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी तो दोनदा तपासला. वेगांचा क्रमही पाहा: धावणारा १००, उड्या मारणारा ८०, उडणारा ६०. मी घेतलेले वेग अर्थातच माझ्या सोयीचे आहेत, पण खेळात धावणारा पुढे, उडी मारणारा मध्ये आणि उडणारा मागे ठेवला होता तो क्रम अगदीच हवेतला नव्हता.

आणि सायकल? ताशी वीस किलोमीटरने, शंभर वॅट खर्चून, दीड तास. दीड भाकरी! भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने सायकल निवडली होती, हे तुम्हाला आठवत असेल. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद वाट चालणारी ‘शकुंतला’ गाडी आता बंद आहे. ती चालू असताना आमच्या भागातले लोक गमतीने म्हणत, की सायकलवाला तिच्या बरोबरीने जाईल.

मघाशी ताशी ८० किलोमीटर हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. तो ज्याचा आहे तो प्राणी कारंज्याच्या अगदी जवळ राहतो. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य २००० साली जाहीर झाले. क्षेत्र अवघे १८ चौरस किलोमीटरच्या थोडे वर. तिथला काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावतो आणि दोन मीटरपर्यंत उंच उडतो. त्याने धावणे आणि उडी या दोन्ही शक्ती घेतल्या आहेत. किंमत न देता? मुळीच नाही.

त्याचे पाय पाहा. खाली काडीसारखे बारीक, स्नायू सगळे वर, कुल्ल्यापाशी आणि खांद्यापाशी. हे का, ते कळायला क्रिकेटची बॅट घ्या. मुठीकडून धरून झपाझप मागेपुढे हलवा. मग उलटी, पात्याकडून धरून हलवा. दुसऱ्या वेळी हात कमी दमेल, कारण वस्तुमान हाताजवळ आले. दर सेकंदाला अनेकदा मागेपुढे होणाऱ्या पायाचे तसेच आहे. पण बारीक पाय म्हणजे झुंजीला, खणायला, पकडायला निरुपयोगी पाय. पळ हीच त्याची ढाल.

आता दोन्ही शक्ती एकदम वापरता येतात का ते तपासू. दोन मीटर उंच उडायला वर जाण्याचा वेग सेकंदाला ६.३ मीटर लागतो आणि काळवीट १.३ सेकंद हवेत राहतो. त्याच वेळी तो पूर्ण वेगात, सेकंदाला २२ मीटरने जात असता, तर एका उडीत २८ मीटर गेला असता. काळविटाची लांब उडी मात्र सहा मीटरच्या आसपास सांगतात. याचा अर्थ, उंच उडताना तो पूर्ण वेगात नसतो. कळप बिचकला की आधी एक मादी सरळ वर उसळते, मग बाकीच्या, आणि मग सारा कळप जमिनीलगत सुसाट सुटतो. उंची आधी, वेग नंतर. ऊर्जेचा खिसा एकच आहे.

हा बांधा घडला तो मुख्यतः ज्याच्या भीतीने, असे मानतात, तो चित्ता. त्याची नखे मांजरासारखी पूर्ण आत जात नाहीत. धावपटूच्या खिळ्यांच्या बुटासारखी ती जमिनीत रुततात आणि घर्षणाची आपली मघाची मर्यादा ओलांडून जातात. भारतातले शेवटचे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानात मारले गेल्याचे मानले जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ पासून मध्य प्रदेशातील कुनो येथे आफ्रिकेतून चित्ते आणले आहेत, पण ते कारंज्यापासून दूर. प्रतिस्पर्धी गेला तरी काळविटाचा बांधा तसाच राहिला.

आणि आता त्याच्या शेजारून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. कारंजा लाडला त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. मोटारींना वेगमर्यादा ताशी १२०. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद, ३३ मीटर. मग तोच ०.८ घर्षणांक धरून थांबायला आणखी ७१ मीटर. एकूण शंभराच्या वर. धावणारा काळवीट तीस मीटर अंतर १.४ सेकंदांत पार करतो. तेवढ्या वेळात मोटार चाळीस मीटरपेक्षा जास्त पुढे आलेली असते. चित्ता काही शे मीटरांत दमतो आणि शिकार सोडून देतो. मोटार दमत नाही, वळणही घेत नाही, आणि काळविटाच्या हजारो पिढ्यांनी शिकलेली कोणतीही हुलकावणी तिला कळत नाही.

म्हणून अशा ठिकाणी रस्त्याच्या कडेला कुंपण लागते आणि प्राण्यांसाठी रस्त्याखालून व वरून वाटा कराव्या लागतात. समृद्धी महामार्गावर त्या केलेल्या आहेत. मोकळ्या माळाचा प्राणी अशा वाटेत शिरायला बिचकू नये, तर ती रुंद हवी, पलीकडचा उजेड अलीकडून दिसायला हवा आणि पायाखाली माती-गवत हवे. काळवीट पुढचे पाहूनच पाऊल टाकतो.